एंड पॉइंट कुणाला दिसतो?

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या लॅबच्या दारात पालक घुटमळायला लागतात. प्राचार्यांकडे जायची भीड वाटते, सर लेक्चरला असतात, मग उरते लॅबमधली ताई. "ताई, हिला सायन्स झेपेल ना?" मार्कांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, ते गुणपत्रिकेवर छापलेलेच असतात. खरी शंका पुढे येते. चष्म्याचा नंबर फार मोठा आहे. डाव्या हातात ताकद नाही. कमी ऐकू येतं, मशीन लावते. दहावीपर्यंत मराठी मीडियम झालंय. आणि मग आवाज खाली आणून, "मुलगी आहे हो, अ‍ॅसिडबिसिडचं काम, काही झालं तर?"

मी ठाण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये प्रयोगशाळा सहाय्यक आहे. शिकवत नाही. सोल्युशन्स बनवते, फुटलेल्या पिपेटींचा हिशोब ठेवते, एक्सटर्नल परीक्षक आले की चहा सांगते, आणि प्रॅक्टिकल चालू असताना मुलांच्या पाठीमागून फिरते. सर फळ्याकडून बघतात, त्यांना चेहरे दिसतात. मला हात दिसतात.

विज्ञान आणि इंजिनिअरिंगमध्ये सगळ्यांना जागा मिळाली पाहिजे, यावर दर वर्षी कुठे ना कुठे परिसंवाद होतो. बोलणारे आयआयटीतल्या जागांबद्दल बोलतात, कंपन्यांतल्या भरतीबद्दल बोलतात. बोलावं. पण मी ज्यांना पाहिलं ती मुलं तिथवर पोचतच नाहीत. ती अडतात अकरावीच्या सुरुवातीच्या प्रॅक्टिकलांना, टायट्रेशनच्या ओट्याशी. एका सोल्युशनमध्ये दुसरं थेंबथेंब सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं, ते टायट्रेशन. ती थांबायची जागा म्हणजे एंड पॉइंट. पुढच्या वर्षी तीच मुलं कॉमर्सच्या वर्गाबाहेर भेटतात आणि "सायन्स जमलं नाही ताई" म्हणतात. कॉमर्सला माझी ना नाही. पण त्यांना नक्की काय जमलं नाही, ते मी पाहिलेलं असतं. केमिस्ट्री जमली नाही असं त्यांतल्या फार थोड्यांचं असतं.

आम्ही लॅबवाले मुलांना रोल नंबरानेच ओळखतो, तर ४३ नंबरचं सांगते. मुलगा हुशार, वागळे इस्टेटकडून यायचा, वडील लेथवर कामाला. बारावीचं परमँगनेटचं टायट्रेशन चालू होतं. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीत, पोटॅशियम परमँगनेट, फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, थोडं सल्फ्युरिक घालून साठ-सत्तर डिग्रीला तापवलेलं. थेंब पडतो, गुलाबी होतो, हलवलं की जातो. जो गुलाबी रंग जात नाही तिथे थांबायचं. बाकी बॅचचं रीडिंग दहाच्या आसपास आणि याचं साडेबारा. फ्लास्कमध्ये बघते तर चांगलं गडद जांभळं पाणी. "अरे, केव्हाच झालं होतं की!" तर म्हणाला, "शेजारचा झालं म्हणाला की मी बंद करतो. आज तो बोललाच नाही."

अकरावीचं अख्खं वर्ष त्याने शेजाऱ्याच्या 'झालं'वर काढलं होतं. आणि बोर्डाच्या परीक्षेत शेजारी बोलत नाही.

आईने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ठिपक्यांमधला आकडा ओळखायचं ते इशिहारांचं पुस्तक, जपानमधून १९१७ साली आलेलं, अजून तेच चालतं. लाल-हिरव्यातला फरक मुलाला नीट कळत नाही असं निघालं. यात विशेष काही नाही. ही गोष्ट एक्स गुणसूत्रावरून येते, मुलांकडे एकच एक्स असतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांत ती कितीतरी जास्त आढळते. दर बॅचला एखादा तरी असणार, फक्त तो बोलत नाही. आई मात्र लॅबमध्ये येऊन रडायलाच लागली. केमिकल इंजिनिअरिंग करायचं होतं त्याला, ते गेलं का?

मी तिला डाल्टनची गोष्ट सांगितली. नववीच्या पुस्तकात अणू सिद्धांतवाला जो जॉन डाल्टन आहे, तो स्वतः असाच होता. जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लालसर. त्यावर त्याने १७९४ साली निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतला द्रव निळा असणार अशी त्याची समजूत होती, म्हणून मेल्यावर डोळे तपासायला सांगून ठेवलं होतं. १८४४ साली तपासले, द्रव स्वच्छच निघाला. पण जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या तुकड्यातून १९९५ साली डीएनए काढून दोष नेमका कोणता ते शोधण्यात आलं. रंग न दिसणाऱ्या माणसाने सगळ्या जगाला अणू शिकवला, आणि आपण पोराला फिकट गुलाबी दिसत नाही म्हणून केमिस्ट्रीतून उठवायचं? आईला गोष्ट कितपत कळली माहीत नाही, पण डोळे पुसले तिने.

उपाय निघाला तो जांभळी नाक्यावरच्या सजावटीच्या दुकानात. मखराला लावतात तो हिरवा जिलेटीन पेपर. परमँगनेटचा गुलाबी म्हणजे काय, तर पांढऱ्या उजेडातला हिरवा भाग तो खातो आणि उरलेला आपल्याला गुलाबी दिसतो. मग हिरव्या कागदातूनच फ्लास्क बघितला तर? गुलाबी झालेलं पाणी काळपट दिसतं. रंग ओळखायची गरज नाही, उजेड-अंधार कळला की पुरे, आणि तो त्याला उत्तम कळतो. फरक बारीक असतो, म्हणून शेजारी साध्या पाण्याचा दुसरा फ्लास्क ठेवायचा आणि दोन्हींची तुलना करायची. सरांनी पुठ्ठ्याला खिडकी पाडून त्यात कागद दुहेरी चिकटवला. पायलट रीडिंग चुकलं, पण पुढची तीन जुळली आणि सीबीआर, म्हणजे शेवटी धरायचं कायम रीडिंग, बॅचशी मिळालं. खर्च चहापेक्षा कमी.

यात गंमत अशी की ४३ नंबरला सरकारी नियमाने काहीच मिळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजलेत. अंधत्व आहे, अल्पदृष्टी आहे, रंगांधत्व नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही, जास्तीचा वेळ नाही, मदतनीस नाही. आणि नोकरीच्या मेडिकलला मात्र हीच गोष्ट आडवी येते. रेल्वेचं इंजिन चालवायचं असेल तर सिग्नल दिसला पाहिजे, तिथे वाद नाही. पण जिथे सिग्नल नाही तिथेही तोच नियम चिकटलेला असतो. पुण्याच्या एफटीआयआयने, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, असाच एका उमेदवाराला प्रवेश नाकारला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ साली न्यायालयाने सांगितलं की रंगांध म्हणून तिथल्या कुठल्याही कोर्सची दारं बंद करू नका. सिनेमात चालतं, तर लॅबमध्ये का नाही?

आता १७ नंबर. ही मुलगी कळव्याहून यायची. एका डोळ्याने अगदीच नाही, दुसऱ्याने उजेड आणि मोठे आकार तेवढे. कळवा ते ठाणे एकच स्टेशन, पण सकाळच्या गाडीत चढायचं म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. दिव्यांगांचा डबा असतो, त्यात धडधाकट माणसं पेपर वाचत उभी असतात, ते एक जाऊ दे. ती कॉलेजात पोचायची ते सगळ्यांच्या आधी. घरच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं, फुकट मिळणारं, पडदा वाचून दाखवणारं. थिअरीत तिला हात धरायला कुणी नव्हतं.

प्रॅक्टिकलचं काय करायचं यावर स्टाफरूममध्ये चर्चा झाली. एकजण म्हणाले, सूट द्या. सीबीएसईत अंध मुलांना प्रॅक्टिकलऐवजी पर्यायी प्रश्नांची वेगळी परीक्षा असते, तसं काहीतरी. हेतू चांगलाच होता, पण मला पटलं नाही, अजून पटत नाही. बारावीला शंभरातले तीस मार्क प्रॅक्टिकलचे. ते बसल्या जागी मिळतील, पण उद्या बीएस्सीला गेली, कुठल्या लॅबमध्ये उभी राहिली, तर "तू आजवर काय हाताळलंयस?" याला तिच्याकडे उत्तर काय? मार्क मिळाले आणि हात कोरे राहिले, तर तिला दार उघडून बाहेरच ठेवल्यासारखं झालं.

तीही काही गप्प बसणारी नव्हती. "ताई, मला फक्त कुणीतरी सांगा की रंग बदलला. पण ते सांगणारं माणूस नको," म्हणाली.

आमचा एक जुना विद्यार्थी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता. त्याला सांगितलं. त्याने बुटाच्या खोक्याला आतून काळा रंग फासला, एका बाजूला हिरवा एलईडी, समोरच्या बाजूला एलडीआर, मध्ये फ्लास्क बसेल एवढी जागा. एलडीआर म्हणजे उजेड कमी झाला की ज्याचा रोध वाढतो तो पार्ट, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात त्यात असतो. तो ५५५ टायमर नावाच्या, सूर काढणाऱ्या चिपला जोडून पुढे छोटा स्पीकर. उजेड भरपूर तर आवाज चढा, उजेड कमी तर आवाज खाली. खाली मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे चुंबकाने आपोआप ढवळणारं यंत्र, ठेवला म्हणजे फ्लास्क हातात धरून हलवायला नको.

फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे एंड पॉइंटला गुलाबी होणारा दर्शक, घालून सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन लावलं. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबीही हिरवाच उजेड खातो, त्यामुळे तीच युक्ती. ब्युरेटवरच्या रेघा तिला दिसणार नव्हत्या, म्हणून वीस मिलीची प्लास्टिकची सिरिंज घेतली. अंदाजासाठी दांड्यावर एकेका मिलीला हॅकसॉच्या पात्याने खाच पाडली, नख अडकेल एवढी. नेमकं रीडिंग वजनावरून: सिरिंज आधी तोलायची, नंतर तोलायची, जेवढं वजन कमी तेवढं सोल्युशन गेलं. सोल्युशन पातळ असतं, एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायला हरकत नाही. काट्यावरचा आकडा तिचा मोबाइल वाचून दाखवायचा.

पहिल्यांदा लावलं तेव्हा लॅबमध्ये शिट्टी वाजल्यासारखा आवाज. सिरिंजमधून थेंब पडला की आवाज किंचित घसरायचा, पुन्हा वर यायचा. घसरायचा, वर यायचा. वर यायला वेळ लागायला लागला तशी तिने सिरिंज सावकाश दाबायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नव्हतं. आणि मग एका थेंबाला आवाज खाली गेला तो तिथेच राहिला. "झालं," ती म्हणाली. मी फ्लास्क वर काढून पाहिला. वहीत लिहितात तसा, अगदी फिकट. आमच्या डोळस मुलांचा निम्म्या वेळा गडद होतो.

असं काही करणारे आपण पहिले नव्हे, हे नंतर कळलं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात कॅरी सुपालो नावाच्या अंध केमिस्टने याच तत्त्वावर, पाण्यात बुडवायचा, आवाज करणारा प्रकाशाचा सेन्सर बनवला होता. आणि इथे मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात अंध विद्यार्थ्यांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, स्पर्शाने वाचायच्या आकृत्या वगैरेची माहिती त्यांच्याकडे मिळते. ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांनी दहावीतच चौकशी करावी, अकरावीची वाट बघू नये. बोर्डाच्या सवलतींचंही तसंच. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लेखनिक, जास्तीचा वेळ, सगळ्याला कागद लागतात, अर्ज कॉलेजमार्फत वाशीच्या विभागीय मंडळात जातो, आणि परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून काही होत नाही.

त्या वर्षी सरांनी मुलांना रबाळेच्या एका कंपनीची क्यूसी लॅब, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायची लॅब, दाखवायला नेलं, मीही गेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल आणि औषधांच्या कंपन्यांत आमची कितीतरी मुलं बीएस्सी करून क्यूसीला लागतात, इकडच्या घरांना माहीत असलेली सायन्सची नोकरी म्हणजे हीच. तर तिथे टायट्रेशन कसं होतं? मशीन करतं. ऑटोटायट्रेटर. एक इलेक्ट्रोड बीकरमध्ये बुडवलेला, मोटर थेंब सोडते, स्क्रीनवर ग्राफ चढत जातो, जिथे सगळ्यात जास्त चढ तो एंड पॉइंट. आकडा छापून बाहेर. दाखवणारे गृहस्थ म्हणाले, "डोळ्यावर आम्ही सोडतच नाही. एकाला गुलाबी दिसेल, दुसऱ्याला नाही. ऑडिटला काय दाखवणार?"

४३ नंबर माझ्याकडे बघायला लागला. मी सरांकडे बघितलं. सर ग्राफकडे बघत होते.

जे काम करण्यासाठी डोळ्याची गरज उरलेली नाही, त्या कामाच्या दारात आपण पोरांच्या डोळ्यांची परीक्षा घेतोय आणि नापास झाले की परत पाठवतोय. हाताने टायट्रेशन शिकवू नये असं मी म्हणत नाही. शिकवावंच. हाताला थेंबाचा अंदाज आला की केमिस्ट्री कळते, हे मी रोज बघते. पण तो अंदाज कानाने आला काय, हिरव्या कागदातून आला काय.

मुलींचं थोडं निराळं. ओट्यावर चारचा ग्रुप असला की ब्युरेट मुलाच्या हातात आणि जर्नल मुलीच्या. अक्षर छान असतं ना! कुणी जबरदस्ती करत नाही, आपोआप होतं, म्हणून दिसत नाही. मी एक सोपी गोष्ट करते: दर रीडिंगला जागा बदलायला लावते. कुरकुर होते, मग सवय होते. त्या रबाळेच्या भेटीतच एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम लोक नाइटला असतात का?" १९४८च्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामावर ठेवायची मनाई होती. संरक्षण म्हणून केलेला नियम, पण तीन शिफ्टच्या क्यूसीत त्याचा अर्थ "मुलगाच घेऊ" असाही निघायचा. २०२०च्या नव्या कामगार संहितेत बाईची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर परवानगी आहे. व्यवस्था म्हणजे रात्री दोनला महापे ते दिवा गाडी कोण देणार, हे ज्याने त्याने विचारून घ्यावं. कागदावर परवानगी आली म्हणून आई पाठवत नसते.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, रामन इफेक्टचा. मुलं फळ्यावर रामन यांचं चित्र काढतात. मी शेजारी कमला सोहोनींचा फोटो लावते. १९३३ साली त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या तेव्हा मुलगी म्हणून नाही म्हणणारे हेच रामन. बाई अडून बसल्या, अटी घालून का होईना प्रवेश घेतला, पुढे १९३९मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट केली आणि मुंबईत येऊन नीरेवर काम केलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी असावेत असं मला वाटतं. एका वर्षी पाहुण्यांनी विचारलं, यांचा रामन यांच्याशी काय संबंध? सरांनी सांगितला. पाहुणे भाषणात ते वगळून गेले.

बाकी बारीकसारीक बरंच आहे. आमचे ओटे छत्तीस इंच उंच, खाली कपाटं, म्हणजे व्हीलचेअर आत शिरतच नाही. वागळेतल्या फॅब्रिकेटरकडून एक कमी उंचीचं टेबल करून घेतलं, गुडघे आत जातील असं, वर टाइल. ते बुटक्या मुलांनाही आवडतं, त्यावरून भांडणं होतात. लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टची चावी ऑफिसात असते आणि ऑफिस तळमजल्यावर, यावर मी जास्त बोलत नाही, नोकरी करायचीय. कपाटांवर चंचुपात्र-बीकर, नरसाळे-फनेल अशा दोन्ही नावांच्या पट्ट्या लावल्यात, येऊरच्या पाड्यावरून, मुंब्र्यातून येणारी मुलं पहिल्या महिन्यात त्या वाचत उभी असतात.

४३ नंबर डिग्रीला केमिकललाच आहे. १७ नंबर बीएस्सी करतेय, तिच्या नव्या कॉलेजात ते खोकं घेऊन गेली आणि तिथल्या लॅब असिस्टंटचा मला फोन आला, एलडीआर कुठला वापरलात म्हणून. बराच वेळ बोललो आम्ही. खोक्याच्या झाकणातून उजेड आत येतो, तिथे काळी टेप लावा, हे मी विसरायच्या आत सांगून टाकलं.

सॉल्ट अ‍ॅनॅलिसिसचं, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखायचं, मात्र अजून जमलेलं नाही. साका, म्हणजे पाण्यात तयार होणारा गाळ, बसला की नाही ते खोक्याने कळतं, कारण पाणी गढूळ झालं की उजेड अडतो. पण साका पांढरा की पिवळा हे खोकं सांगू शकत नाही. रंग बोलून दाखवणारं मोबाइलचं अ‍ॅप लावून बघितलं, ट्यूबलाइटखाली ते गोंधळतं. ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायच्या फ्लेम टेस्टला तर फारच. बेरियमच्या हिरव्या ज्योतीला एकदा हिरवी म्हणतं, एकदा पिवळी, एकदा चक्क पांढरी. सरांचं म्हणणं, ज्योतीच्या मागे काळा पुठ्ठा धरून खिडक्या बंद करून बघू. पुढच्या आठवड्यात बॅच नाही, तेव्हा बघणार आहोत.